तीन ग्लास पाणी

१

माझी आजी तीनदा वारली. तिन्ही वेळा मीच मारली. पहिल्यांदा गणिताच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, खुर्चीत बसल्या बसल्या, हार्ट अटॅकनं. दुसऱ्यांदा तळघराच्या जिन्यावरून पडून, खुब्याचं हाड मोडून. तिसऱ्यांदा न्यूमोनियानं, मोठा निबंध द्यायच्या आठवड्यात. तिन्ही वेळा वेगवेगळ्या प्राध्यापकांना ईमेल केली आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: वाईट वाटलं, सावकाश दे.

परीक्षा आल्या की आज्या मरायला लागतात, हा आमच्या कॉलेजातला जुना विनोद. तो प्राध्यापकांनाही ठाऊक असतो. तरी कोणी विचारत नाही. विचारायचं म्हणजे समोरच्या पोराकडे नीट बघावं लागतं, आणि तेवढी सवड त्या विद्वानांना नसते. तिसऱ्या वेळी ऑफिसातल्या एका बाईनं हिशेब लावला. मला बोलावून घेतलं, तिन्ही ईमेल छापून टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नोलन, तुला आज्या किती?"

मी उठलो, बाहेर पडलो, परत गेलो नाही. कॉलेज सोडलं असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे त्या टेबलापासून पळालो.

आणि आजी ओहायोत तिच्या स्वयंपाकघरात ठणठणीत होती, शब्दकोडं सोडवत. मी आठ वर्षांचा असताना माझ्या बापानं कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्यांत माझे कपडे कोंबून मला तिच्या दारात आणून उभं केलं होतं. "दोन आठवड्यांत नेतो," म्हणाला. त्याचे दोन आठवडे अजून संपायचेत. तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. तिला मी सांगितलं की कॉलेज मला एका सत्रासाठी मेक्सिकोत, पुएब्लाला पाठवतंय. तिनं माझे चार शर्ट इस्त्री केले. "वर्गात घालायला लागतील," म्हणाली.

दर रविवारी दुपारी बाराला मी तिला फोन करायचो. हवा, शेजारीण, शेजारणीचा कुत्रा. शेवटी ती न चुकता विचारायची, "जेवलास का? खोटं सांगू नकोस."

मी म्हणायचो, जेवलो.

२

पुएब्लात मी ओदिलियाबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर राहायचो. सकाळी एका क्लासमध्ये दोन तास इंग्रजी बोलायला शिकवायचं, मग दिवसभर गल्ल्यांतून भटकायचं. इथे काय करतोस असं कोणी विचारलं तर म्हणायचो, स्वतःला शोधतोय. या वाक्याला आमच्या देशात फार मान आहे. पळून आलोय म्हटलं तर तोंड फिरवतील, शोधतोय म्हटलं की खांदा थोपटतात.

शेजारच्या खोलीत विन्स्लो नावाचा आमच्याच देशातला म्हातारा होता. बासष्ट वर्षांचा, विमा कंपनीतून निवृत्त, तोही स्वतःच्या शोधात. त्याच्याकडे त्यासाठी चामड्याची वही होती. त्याची दोन्ही मुलं त्याच्याशी बोलत नाहीत. त्या विषयावर वहीत अठरा पानं भरली होती, मुलांना पत्र एकही नव्हतं.

ऑक्टोबर संपत आला तशी ओदिलियाबाईंनी गेलेल्या माणसांच्या सणासाठी खालच्या खोलीत वेदी मांडायला घेतली. टेबलावर टेबल चढवून पायऱ्या केल्या, त्यावर पांढरी चादर, कातरलेल्या कागदाच्या पताका, नवऱ्याचा फोटो, मिठाची बशी. घरभर झेंडू आणि ऊद. एका सकाळी त्या स्वयंपाकघरात झेंडूच्या पाकळ्या खुडत बसल्या होत्या. मी कॉफी ओतून घेत होतो.

"तुझं कोण आहे रे, पोरा?"

"म्हणजे?"

"गेलेलं. या घरात राहतोस तर तुझ्या माणसालाही जागा करायला नको? विन्स्लोसाहेबांनी आईचा फोटो दिला. भला मोठा. माझ्या नवऱ्याला जागा उरली नाही."

"त्याला थोडं सरकवा ना," विन्स्लो म्हणाला.

"जिवंतपणी कधी सरकला नाही, आता सरकतोय."

कोणी नाही म्हणायला काय झालं होतं? खरंच कोणी नव्हतं. पण बाई माझ्याकडे बघत होत्या, थांबल्या होत्या, आणि माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दोन वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं.

"आजी," मी म्हणालो.

ओदिलियाबाईंनी पिवळेधमक हात पदराला पुसावेत तसे ॲप्रनला पुसले आणि माझ्या डोक्यावर ठेवले. विन्स्लोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला निमित्तच लागतं.

"कशानं गेली?" बाईंनी विचारलं.

नवीन काही सुचेना. "सांगवत नाही," मी म्हणालो.

"नको सांगूस. मागाहून सांग."

मी फोनमधला आजीचा फोटो दिला. तिच्या वाढदिवसाचा, हिरव्या स्वेटरमधला, उन्हामुळे डोळे बारीक केलेला. बाईंनी तो कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला, चौकटीत घातला. डोक्यावरचा तो हात मला आवडला होता, हे इथे लिहून ठेवतो. त्याच्यासाठी मी आजीला चौथ्यांदा मारली.

३

गेलेली मोठी माणसं नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी बाराला येतात आणि दोन तारखेला दुपारी बाराला जातात. ओदिलियाबाई हे दुधवाल्याच्या वेळेसारखं सांगायच्या. लांबून येतात म्हणून तहानलेली असतात, म्हणून प्रत्येकाला एक ग्लास पाणी. रस्त्यापासून वेदीपर्यंत पाकळ्यांची पायवाट.

एक तारखेला मी क्लासमधून आलो तेव्हा एक वाजून गेला होता. दार सताड उघडं, बाहेर लख्ख ऊन. मी पाकळ्या चुकवत आत आलो. पायवाट एका बाजूनं विस्कटली होती. मध्यातून उंबऱ्यापासून आतपर्यंत एक चर पडला होता, कोणी पाय ओढत गेल्यासारखा. मांजर असेल, मी म्हटलं. झाडू असेल.

वेदीवर नवऱ्यासमोर एक ग्लास. विन्स्लोच्या आईसमोर एक. माझ्या आजीसमोर तीन.

"बाई, माझी आजी एकच आहे," मी स्वयंपाकघराकडे बघून म्हणालो.

"माहीत आहे," त्या आतून म्हणाल्या. "मीही एकच ठेवला होता. पुरेना. तिसऱ्यांदा भरला तेव्हा कळलं."

"काय कळलं?"

त्या हात पुसत दारात आल्या. चेहऱ्यावर भीती वगैरे काही नाही. पाहुणे जास्त आल्यावर बाईच्या चेहऱ्यावर असतो तो हिशेब, दूध पुरेल का.

"तुझ्या आजीला खोकला होता का?"

"नाही."

"पाय अधू?"

"नाही," मी म्हणालो.

"मग या कोण? एक खोकते. एकीला मी भिंतीजवळचा बाक पुढे ओढून दिला, तिला उभं राहवत नाही. तिसरी काहीच करत नाही. नुसती बसलीय, छातीला हात लावून."

"तुम्हाला दिसतात?"

"दिसायला कशाला हवं? घरात पाहुणे असले की कळत नाही का?"

आजीला मी कसंकसं मारलं ते या शहरात कोणालाच ठाऊक नव्हतं. तीन ईमेल होत्या, तीन हजार किलोमीटरवर, एका टेबलाच्या खणात. मी वर गेलो, तोंड धुतलं, स्वतःला समजावलं. म्हातारी गावभरच्या म्हाताऱ्यांसारखी बोलतेय. म्हाताऱ्या बायका खोकतात, लंगडतात, छातीला हात लावतात. कोणाचीही आजी असू शकते.

तेवढ्यात खाली कोणीतरी खोकलं. ओलसर, खोल, छातीतून वर न येणारा खोकला.

विन्स्लोनं त्याच्या दारातून डोकं काढलं. "खाली आणखी कोणी उतरलंय का? सकाळपासून खोकतायत. औषध द्यायला हवं कोणीतरी."

"तुम्ही द्या की."

"मी लिहितोय," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

४

मी आजीला फोन लावला. रविवार नव्हता.

"आज कसा काय?" ती म्हणाली. "वर्ग नाही?"

"सुट्टी आहे. तू बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीय. आज मात्र जेवल्यावर खुर्चीतच डोळा लागला. कधी लागत नाही." मग म्हणाली, "स्वप्न पडलं. एक खोली होती. कसली तरी पिवळी फुलं, ढीगच्या ढीग. भिंतीशी एक बाक होता. त्यावर तीन बायका बसल्या होत्या."

"कोण?"

"ओळखीच्या वाटत होत्या. माझ्या बहिणी असाव्यात तशा. मला बहीण नाही, तुला माहीतच आहे. त्यांनी सरकून मला जागा केली. एकीनं विचारलं, तुला काय झालं होतं? मी म्हटलं, मला कुठे काय झालंय. तर त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, थांब जरा मग, तो सांगेल."

मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो. गज उन्हानं तापलेला होता आणि तो सोडायचं मला सुचत नव्हतं.

"कोण सांगेल?" मी विचारलं.

"ते नाही बोलल्या. नोलन, जेवलास का? खोटं सांगू नकोस."

हीच वेळ होती. तिथल्या तिथे सांगायचं, संपवायचं. चार वाक्यं लागली असती. पण चार वाक्यांनंतर तिचा आवाज कसा येईल ते माझ्या कानात आधीच वाजायला लागलं.

"जेवलो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ओदिलियाबाईंनी जिन्यातच मला गाठलं. "तुझ्या आजीचं काही समजेना बाबा. या तिघी एकसारख्या आहेत. अगदी एका साच्यातल्या. पण फोटोतली, हिरव्या स्वेटरवाली, ती आलीच नाही. बाकावर तिची जागा मोकळी ठेवलीय तिघींनी. ती कशानं गेली ते सांग ना. कळलं तर मला तिच्या सोयीचं काही मांडता येईल."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

"उद्या बारापर्यंतच, हं. मग जातात."

विन्स्लोला मी त्या संध्याकाळी अर्धंमुर्धं सांगितलं. कोणाला तरी सांगायचंच होतं. एका माणसाची आजी जिवंत असून त्यानं ती मेली म्हणून सांगितलं तर, असं विचारलं. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "किती सुंदर. मृत्यू हे एक प्रतीकच असतं, नाही का? तू तिला मनातून मुक्त केलंस." मग वही उघडून ते लिहून घेतलं. बासष्ट वर्षं जगून माणसाच्या हाती एवढंच लागत असेल तर मला पुढची चाळीस नकोत. आणि त्याचा राग येण्याचं खरं कारणही मला कळत होतं. तो म्हणजे वही असलेला मी होतो.

५

दोन तारखेला मी साडेअकरापर्यंत खोलीतच बसून राहिलो. खाली जायचं आणि एका म्हाताऱ्या बाईला सांगायचं की मी खोटं बोललो. जगात याहून सोपी कामं लोक रोज करतात. मी दोनदा जिन्याच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा खालून बाक सरकल्याचा आवाज आला. फरशीवरून लाकूड. जागा करताना येतो तेवढाच.

मी आजीला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. वाजत राहिला. तिकडचं घड्याळ पुढे, जेवल्यानंतरची वेळ. तिचा डोळा लागला असणार, खुर्चीत.

मग मी धावलो.

ओदिलियाबाई वेदीपुढे उभ्या राहून वाती सारख्या करत होत्या. "माझी आजी मेलेली नाही," मी म्हणालो. "ती घरी आहे. मी खोटं बोललो. या तिघी… त्याही मीच सांगितलेल्या. कॉलेजात. परीक्षा चुकवायला. कोणीच मेलेलं नाही."

त्यांनी हातातली काडी विझवली. मला वाटलं थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या घरात जिवंत बाईचं पाणी भरायला लावलंस," त्या हळूच म्हणाल्या. "कालपासून मी तिला या या म्हणतेय."

मी चौकटीकडे बघितलं.

"फोटो तू दिलास, तू काढ. मी हात लावणार नाही." मग त्यांनी भिंतीकडे, बाकाकडे मान वळवली. "आणि यांचं काय? बारा वाजले की मी माझ्या माणसाला नाव घेऊन निरोप देते. त्याची कबर आहे, त्याला जागा आहे. यांना कुठे पाठवू? यांची जागा कुठली?"

मी पायवाट तुडवत वेदीपाशी गेलो. चौकट उचलायला दोन्ही हात लावले. चौकटीच्या काचेत माझ्या मागची खोली दिसत होती: उघडं दार, ऊन, भिंत, बाक.

बाकावर तीन करडी डोकी. एकमेकींना टेकून, एका कडेला सरकून. मोकळ्या जागेवर, दुसऱ्या कडेला, काहीतरी हिरवं. नीट बसलेलं नव्हतं अजून. धुक्यातून यावं तसं येत होतं. आणि तिघी वेदीकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, अगदी सभ्यपणे, कोणी बोलायला उभं राहिलं की माणसं बघतात तशा.

मी मागे वळलो नाही. काचेकडे बघतच बोललो.

"तुम्हाला काही झालेलं नाही. कोणालाच काही झालेलं नाही. माझा अभ्यास झाला नव्हता." माझा आवाज आठ वर्षांच्या पोरासारखा येत होता. "घरी जा."

चौकट उपडी केली. बाराचे ठोके पडायला लागले. चर्चची घंटा, मग दुसऱ्या चर्चची, मग गल्लीत फटाके. ओदिलियाबाई नवऱ्याचं नाव घेत होत्या. माझ्या मागून कोणीतरी पाय ओढत दाराकडे गेलं, पाकळ्या चुरडत, घाई न करता.

फोन वाजला. आजी. ती स्वतःहून कधी फोन करत नाही, मी वर्गात असेन म्हणून.

"डोळा लागला होता," ती म्हणाली. आवाज जड. "थंडी वाजली म्हणून स्वेटर घातला, आणि झोपलेच. नोलन, या खेपेला काय झालं रे मला?"

"आजी…"

"पहिल्यांदा हृदय. दुसऱ्यांदा जिना. तिसऱ्यांदा छाती. कॉलेजकडून कार्डं आली होती ना घरी. एडिथ यांच्या निधनाबद्दल कुटुंबीयांचं सांत्वन, आणि कशानं गेले तेही लिहिलेलं. छान जाड कागद. पहिलं आलं तेव्हा वाटलं, चुकून आलं असेल. दुसरं आलं तेव्हा वाटलं, तू सांगशील. तिन्ही शेकोटीच्या कट्ट्यावर लावून ठेवलीत मी. तू घरी होतास तेव्हा उचलून ठेवायचे, तुला लाज वाटू नये म्हणून."

"शर्ट," मी म्हणालो. तेवढंच तोंडातून निघालं. तिनं चार शर्ट इस्त्री केले होते. वर्ग नाहीच हे माहीत असताना.

"विचारलं का नाहीस मला?" मी म्हणालो.

"मेलेल्या बाईनं काय विचारायचं?" ती किंचित हसली. "तू सांगायचंस."

"आजी, मी खोटं बोललो. तुला काही झालं नव्हतं."

"हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "थांब, दार वाजतंय."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मला तिचं स्वयंपाकघर पाठ आहे. सहा पावलं, कडी, जाळीचं दार. दार उघडलं. आजी कोणाशी बोलली नाही, नाव विचारलं नाही. मग पावलं आत आली. एक जोडी नुसती. एक जोडी ओढत. खुर्ची सरकली, आणखी एक सरकली. कोणीतरी ओलसर, खोल खोकलं.

घरी जा, असं मीच सांगितलं होतं. त्यांना घर एकच माहीत होतं.

फोन कोणीतरी उचलला.

"जेवलास का?" आजीचा आवाज म्हणाला. "खोटं सांगू नकोस."

"नाही," मी म्हणालो.

६

विन्स्लो गेल्या आठवड्यात परत गेला. जाताना मला मिठी मारून म्हणाला, या शहरानं आपल्या दोघांनाही काहीतरी दिलं. ओदिलियाबाई माझ्याशी बोलतात, जेवायला वाढतात, पण पोरा म्हणत नाहीत. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे. ती भरून पाच आठवडे झाले. मी गेलो तर दार उघडेल, आणि दार कोण उघडेल ते बघावं लागेल.

दर रविवारी बाराला फोन करतो. आजी उचलते. हवा, शेजारीण, शेजारणीचा कुत्रा. सगळं तिलाच ठाऊक असलेलं. काही रविवारी बोलता बोलता ती खोकते. काही रविवारी फोनपर्यंत यायला तिला वेळ लागतो आणि जमिनीवरून काहीतरी ओढत येतं. काही रविवारी ती बोलतच नाही, नुसती ऐकते. शेवटी जेवलास का विचारते, आणि मी खरं ते सांगतो.

माझी आजी, हिरव्या स्वेटरची, यांतल्या कुठल्या रविवारी उचलते, किंवा उचलते का, ते मला आवाजावरून कळत नाही. कळायला हवं होतं. तेरा वर्षं तिनं वाढवलंय मला.